16 वर्षांचा भाचा सर्रास खोटं बोलतो, घरातले पैसे चोरतो. तो सायकोपॅथ आहे का?

नाही, एवढ्यावरून या वयात तसा शिक्का मारता येत नाही. मुळात ‘सायकोपॅथ’ हे डीएसएम-5 (मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकी नियमावली) मधलं स्वतंत्र निदानच नाही. तिथलं जवळचं निदान म्हणजे अँटीसोशल पर्सनॅलिटी डिसऑर्डर (इतरांचे हक्क सतत पायदळी तुडवणारा व्यक्तिमत्त्व विकार). त्यासाठी वय किमान 18 लागतं आणि 15 वर्षांच्या आधीपासून कंडक्ट डिसऑर्डरची (मुलांमधल्या गंभीर वर्तन विकाराची) लक्षणं असावी लागतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांची सायकोपॅथी मोजणारी 20 मुद्द्यांची, 40 गुणांची चाचणी नेटवर सापडेल, पण ती प्रशिक्षित तज्ज्ञाने मुलाखत घेऊन, जुन्या नोंदी तपासून भरायची असते. वैतागलेल्या मामाने नव्हे! आधी पैसे जातात कुठे ते बघा: व्यसन, ऑनलाइन गेमवरचा जुगार, कुणाची धमकी, काहीही असू शकतं. मात्र मारामाऱ्या, मुक्या जनावरांना इजा, आग लावणं, घरातून पळून जाणं हेही चालू असेल आणि त्याचं त्याला काहीच वाटत नसेल, तर ‘वयच तसं आहे’ म्हणून सोडू नका, बालमानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. अशाही मुलांपैकी बरीच पुढे मार्गावर येतात. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मोफत बोलता येतं.