आठव्या चालीलाच वजीर गेले, मग उरलं काय?

प्रश्न : मुलगी बुद्धिबळात अंडर-13 खेळते. कोचनी तिला बर्लिन डिफेन्स (काळ्याची डाव सुरू करण्याची एक बचावाची पद्धत) तयार करायला सांगितलाय. म्हणून कास्पारोव्ह-क्रामनिक 2000 च्या जगज्जेतेपदाच्या मॅचचा पहिला डाव लावून बघितला, तर आठव्या चालीला वजिरावजिरी आणि 25 चालींत ड्रॉ! यात शिकण्यासारखं काय आहे?
– एक पालक, सांगली

उत्तर : भरपूर आहे, आणि तो ड्रॉ साधासुधा नव्हता हो. कास्पारोव्ह 1985 पासून जगज्जेता, त्यात पांढरी मोहरी, वजीर पटावर असले की समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नाही, म्हणून क्रामनिकने लंडनला वजीरच ठेवले नाहीत. काळ्याचं नुकसान लगेच दिसतं, राजाने डी8 वर वजीर मारला की कॅसलिंग (राजाला हत्तीच्या आडोशाला नेण्याची चाल) गेलं आणि सी पट्टीत प्याद्यामागे प्यादं. पण दोन्ही उंट शिल्लक राहतात आणि पांढऱ्याला आत घुसायला वाट सापडत नाही.

मुलीला एक करायला सांगा, त्याच पोझिशनमधून राजे आणि प्यादी सोडून बाकी सगळं उचला आणि खेळा. पांढरा जिंकतो, कारण राजाच्या बाजूला त्याची चारास तीन प्यादी, त्यातून एक मोकळं (समोर अडवायला प्यादं नसलेलं) निघतं, काळ्याचीही दुसऱ्या बाजूला चारास तीन आहेत पण डबल प्याद्यामुळे त्यातून काही निघत नाही. म्हणजे काळ्याने उगाच मारामारी करायची नाही, मोहरी जपायची. क्रामनिकने तेच केलं, राजा सी8 वर, मग बी7 वर, एच प्यादं पुढे आणि त्यामागून हत्ती एच5 वर! शेवटी दोन्ही हत्ती, दोन्ही उंट शाबूत होते.

तिसऱ्या, नवव्या, तेराव्या डावातही बर्लिन, तेही ड्रॉ. इकडे क्रामनिकने पांढऱ्याने दुसरा आणि दहावा डाव मारला, मॅच 8.5-6.5, कास्पारोव्हला 15 डावांत एकही विजय नाही.

आणि बर्लिन कंटाळवाणा हे मला अजिबात पटत नाही. चेन्नईत 2013 ला जगज्जेतेपदाच्या मॅचच्या चौथ्या डावात कार्लसनने आनंदविरुद्ध हाच खेळून उंटाने ए2 चं प्यादं उचललं आणि मग 64 व्या चालीपर्यंत झुंज चालली, तेव्हा कुठे बरोबरी. तो डाव जरूर लावा.

फक्त समोरचा चौथ्या चालीला डी3 खेळला तर वजीर पटावरच राहतात, हल्ली ते खूप येतं, त्याचीही तयारी करून घ्या.