राज्यशास्त्राची ओजेटी (ऑन-जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण) आमदारांच्या ऑफिसात करावी की ग्रामपंचायतीत?

तुम्ही बी.ए. राज्यशास्त्राला आहात आणि दोन्हीकडून होकार आलाय, तर माझं मत ग्रामपंचायतीला. मी तालुक्याच्या कॉलेजात हाच विषय शिकवते. आमदारांच्या ऑफिसात लोकांची गाऱ्हाणी कळतात, पण मुलांच्या वाट्याला बहुधा शिफारसपत्रं टाईप करणंच येतं.

माझी एक विद्यार्थिनी 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत डोकी मोजत बसली होती. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांत जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. आली होती जेमतेम चाळीस. सभा तहकूब झाली. नंतरच्या तहकूब सभेला मात्र गणपूर्तीची अट नसते. तिथे त्याहूनही कमी लोकांत सगळे ठराव मंजूर झाले. पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी 73वी घटनादुरुस्ती तिने परीक्षेत छान लिहिली होती. तरी त्या संध्याकाळी तिचा फोन आला, "मॅडम, मग 100 ची अट कशाला?" एवढा चांगला प्रश्न मला वर्गात कुणी विचारला नव्हता.

ती तिथेच थांबली नाही. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. पुढच्या वेळी ती अंगणवाडीताईंसोबत घरोघरी सांगत फिरली. बायका आल्या, वस्तीवरच्या पाण्याचा विषय निघाला आणि प्रोसिडिंग बुकात (सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत) चढला.

तुम्ही एकच ठराव धरा. तो प्रोसिडिंगमध्ये कसा लिहिलाय, विकास आराखड्यात आलाय का, वित्त आयोगाच्या निधीतून किती खर्च दाखवलाय (ई-ग्रामस्वराज पोर्टलवर दिसतं), आणि मग चालत जाऊन ती गटार किंवा तो रस्ता बघा. कागद आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) नीट मागा. नाहीच मिळाले तर माहिती अधिकाराचा 10 रुपयांचा अर्ज आहे, पण उत्तराला 30 दिवसांची मुदत असते, तेव्हा उशीर करू नका.

एका ठिकाणी आमच्या दोन मुलांना महिनाभर घरपट्टीच्या नोंदी उतरवायला बसवलं. प्रमाणपत्र मिळालं, सभा एकही पाहिली नाही. मला फार वाईट वाटलं, कारण मी वेळेवर चौकशी केली नव्हती. असं होऊ लागलं तर पहिल्याच आठवड्यात तुमच्या मार्गदर्शकांना सांगा.

ग्रामसभा साधारण 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या सुमारास असतात. तुमच्या 120 तासांत यातली एक तरी तारीख येईल असं बघूनच कॉलेजचं पत्र घ्या.