भाड्याच्या भिंतीत साडेपाच लाख?

प्रश्न : वय 35, राहणार नागपूर. ऑडिओ इंजिनिअर आहे. एका खासगी संस्थेत 4 वर्षं 5 महिने म्युझिक प्रॉडक्शन शिकवतोय. पगार हातात 46,000, बाहेरचं मिक्सिंग-रेकॉर्डिंग सरासरी 18,000. पत्नी शाळेत शिक्षिका, 21,000. मुलगी चार वर्षांची. राहतो आईवडिलांच्या घरी, मानेवाड्याला. एफडी 2 लाख, म्युच्युअल फंड 4.6 लाख. नोकरी सोडून लक्ष्मीनगरात भाड्याच्या फ्लॅटमध्ये स्टुडिओ टाकायचा आहे. 12 लाखांचं पर्सनल लोन 12 टक्क्यांनी मिळतंय. घेऊ का?

उत्तर : लोन घेऊ नका. स्टुडिओ टाका, पण लक्ष्मीनगरात नको आणि या महिन्यात तर नकोच.

तुम्ही पाठवलेलं कोटेशन मी दोनदा वाचलं. मशीन, माइक, मॉनिटर मिळून 3.7 लाख. एसी, वायरिंग, इन्व्हर्टर 1.2 लाख. डिपॉझिट आणि फर्निचर 1.5 लाख. उरलेले 5.6 लाख कशाचे? आवाज आत-बाहेर जाऊ नये म्हणून तरंगती फरशी (मूळ फरशीला न चिकटवता वेगळी बसवलेली), दुहेरी भिंत, जाड दरवाजा, दोन काचांची खिडकी. माइक उद्या विकता येतो, कमी भावात का होईना. रॉकवूल (आवाज शोषणारी खनिज लोकर) भरलेली भिंत उचलून नेता येत नाही, ती घरमालकाची होते. तुमचा करार 11 महिन्यांचा आहे आणि कर्जाचे हप्ते 60. घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि त्याला फ्लॅट हवा झाला, की भिंत तिथे आणि हप्ते तुमच्याकडे.

आता महिन्याचं बघू. हप्ता सुमारे 26,700, भाडं 20,000, वीज 7,000, मदतनीस 10,000, सॉफ्टवेअर आणि दुरुस्ती 3,000. झाले 66,700. तुम्ही ताशी 700 रुपये धरलेत, म्हणजे नुसता स्टुडिओचा खर्च निघायला 95 तास. गेलेल्या पगाराची भरपाई करायला आणखी 66. महिन्याचे 26 दिवस रोज सहा तासांच्या वर बिल होणारं काम हवं. फोनवर बोलणं, ‘दादा, व्होकल थोडा वर घ्या ना’ असं म्हणत चौथ्यांदा परत आलेलं मिक्स, बुडवलेला तास हे त्यात धरलेलंच नाही.

वीज 7,000 धरलीत तेही मला कमी वाटतं. नागपुरात मे महिन्यात घर कूलरवर निघतं, स्टुडिओ निघत नाही. कूलरची घरघर प्रत्येक टेकमध्ये येते आणि त्याचा ओलावा कंडेन्सर माइकला सोसत नाही. एसी लागणारच, आणि मीटर व्यावसायिक दराचं.

मला सगळ्यात बोलका वाटला तो तुमचा बारा महिन्यांचा जमेचा कागद. ऑक्टोबरात 43,000, मार्चमध्ये 36,000, जुलैत 3,500. कारण आपल्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि 14 एप्रिलच्या आधी भीमगीतांच्या रेकॉर्डिंगची रांग लागते, त्यात गणपती-नवरात्र. पावसाळ्यात शुकशुकाट. सरासरी 18,000 हा आकडा म्हणूनच फसवा आहे. बँक जुलैतही पूर्ण हप्ता कापेल.

त्याच कागदावर एक ओळ तुम्ही स्वतःच दुर्लक्षित केली आहे. तीन विद्यार्थी घरी शिकायला येतात, प्रत्येकी 4,000, आणि जुलैतही आले होते. (ते तुम्ही 18,000 मध्ये धरलेले नाहीत, असं फोनवर कळलं.) आठ विद्यार्थी झाले तर 32,000. त्यांना तरंगती फरशी लागत नाही. लॅपटॉप, हेडफोन आणि समोर बसून ईक्यू (आवाजातला जाड-बारीकपणा), कॉम्प्रेशन (आवाजाचा चढउतार आवरणं) कानाला ओळखायला शिकवणारा माणूस पुरतो. तुमची खरी कमाई इथे आहे.

म्हणून माझा हिशेब असा. मानेवाड्याची वरची खोली घ्या. रॉकवूलचे पॅनेल लाकडी चौकटीत बनवून स्क्रूवर टांगा, वरचं कापड गांधीबागेत मिळेल. यानं बाहेरचा आवाज थांबणार नाही, खोलीतला घुमारा मात्र आटोक्यात येईल, आणि मिक्सिंगला तेच हवं. ड्रम किंवा कोरस असेल त्या दिवशी दुसऱ्याचा स्टुडिओ तासावर घ्या आणि भाडं ग्राहकाच्या बिलात लावा. एसी धरून 2.5 लाखांत बसेल. तेवढे फंड विका. वर्षभराहून जुन्या इक्विटी फंडांवर एका आर्थिक वर्षात 1.25 लाखांपर्यंतचा नफा करमुक्त आहे, तुमचा त्यात बसतोय. एफडीला हात नको. घरखर्च 48,000 म्हणता, म्हणजे ती जेमतेम चार महिन्यांची शिदोरी. सहा महिन्यांची करा.

राजीनामा अजून सात महिने थांबवा. पाच वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी लागू होते. बेसिक 24,000 धरलं तर साधारण 69,000 रुपये. सलग पाच वर्षांच्या आत पीएफ काढला तर त्यावर करही लागतो. तोवर रविवारची बॅच वाढवा, पण आधी नेमणूकपत्र वाचा. बाहेर शिकवायला मनाई असेल तर लेखी परवानगी घ्या.

नोकरीबरोबर संस्थेचा ग्रुप विमाही जाईल. नोकरीत असतानाच चौघा-पाच जणांचा नाही, तर निदान तुम्हा तिघांचा फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्यांना मिळून एकच आरोग्य विमा, घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. आईवडिलांची पॉलिसी वेगळीच ठेवा. तुमच्या कामाला जीएसटी नोंदणी वार्षिक 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही, ती चिंता आज नको. कंपन्या फीमधून टीडीएस (आगाऊ कर) कापतात, तो आयकर विवरणपत्र भरून परत मागत जा. दोन वर्षांचा तुमचा तसाच पडून आहे.

जून आणि जुलै, दोन्ही महिन्यांत शिकवणी आणि काम मिळून दरमहा 40,000 आले, तर राजीनामा द्या. नाही आले तर पुढच्या जूनपर्यंत नोकरी चालू ठेवा, खोली तर तयारच असेल.

लक्ष्मीनगरच्या मालकाला 11,000 टोकन दिल्याचं शेवटी लिहिलंय. मागून बघा. नाही मिळाले तर सोडून द्या. भिंतीच्या 5.6 लाखांपुढे ते स्वस्तच पडले.