दहा जण कुठून आणायचे?

दिवाळीनंतरच्या अंकात मी माझ्या माहेरच्या शुक्रवारच्या दिव्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. आमचा विसाव्याचा शनिवार, म्हणजे शब्बाथ, शुक्रवारी मावळतीलाच सुरू होतो, त्याचा हा दिवा. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू आहे, पेण तालुक्यात वाढले आणि गेली चव्वेचाळीस वर्षं सोलापुरात राहते, हे बऱ्याच वाचकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्यावर आलेली तीन पत्रं या वेळी घेते आहे. तिन्ही सोलापुरातलीच आहेत. नावं अर्थातच छापत नाही.

प्रश्न : मॅडम, मी अलिबाग तालुक्यातला, बेने इस्रायल. इथे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहतो. अख्ख्या कॉलेजात ज्यू मी एकटाच. घरी शुक्रवारी आईनं दिवा लावला की घर शांत व्हायचं. इथे शुक्रवार कधी येतो, कधी जातो, कळतही नाही. माझी मामेबहीण अमेरिकेत शिकते. तिच्या विद्यापीठात ज्यू मुलांची वेगळी इमारत आहे, शुक्रवारी तिथे पंगत बसते. ती म्हणते, तूही काहीतरी सुरू कर. पण प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. दहा जण कुठून आणू? आणि मुलं विचारतात, ‘म्हणजे तू ख्रिश्चन ना?’ त्यांना काय सांगू?

उत्तर : बाळा, पहिल्यांदा तो दहाचा हिशेब नीट मांडू. मिन्यान, म्हणजे ते दहा जण, लागतो तो कद्दिश ही स्तुतीची प्रार्थना म्हणायला आणि सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, जाहीर वाचायला. दिव्याला एक माणूस पुरतो. किद्दुशला, म्हणजे पेल्यावर म्हणायच्या शब्बाथच्या आशीर्वादाला, एक पुरतो. ‘शेमा’, देव एकच आहे ही आपली प्रार्थना, म्हणायला तुझा तू पुरेसा आहेस. मुंबईत आपलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, १७९६ साली उभं राहिलं. त्याआधी कित्येक पिढ्या आपले लोक कोकणातल्या गावांत दोन-दोन, तीन-तीन घरं करून राहिले. जवळ ना पोथी, ना रब्बी, म्हणजे धर्मगुरू. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवायचा, मुलाची सुंता आठव्या दिवशी करायची, खवले नसलेला मासा घरात आणायचा नाही आणि ‘शेमा’ विसरायचा नाही, एवढ्यावर त्यांनी तग धरला. त्यांच्या गावात दहा पुरुष भरतात का, हे ते मोजत बसले असते तर आज तू मला हे पत्र लिहिलं नसतंस.

तुझ्या बहिणीच्या इमारतीबद्दलही थोडं सांगते, कारण तिची गोष्ट ऐकून तुला आपलं काहीच नाही असं वाटतंय. अमेरिकेत ज्यू विद्यार्थ्यांनी हार्वर्डमध्ये १९०६ साली ‘मेनोरा सोसायटी’ काढली. पुढे १९२३ साली इलिनॉय विद्यापीठात बेंजामिन फ्रँकेल नावाच्या तरुण रब्बीनं ‘हिलेल’ सुरू केलं. हिलेल हे जुन्या काळातल्या एका थोर गुरूचं नाव. आज ही संस्था शेकडो विद्यापीठांत आहे. पण तो काळही पाहा. १९२२ साली हार्वर्डच्या अध्यक्षांनीच ज्यू विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित ठेवावी असा आग्रह धरला होता. इतर मुलांचे क्लब, त्यांची वसतिगृहं, कितीतरी दारं या मुलांना बंद होती. त्यातून त्यांनी आपलं घर बांधलं. तुझ्या-माझ्यावर या मातीत तशी वेळ कधी आली नाही. इथे आपला त्रास वेगळा आहे : आपण कोण हे कुणाला ठाऊकच नसतं, आणि सांगायचा कंटाळा येऊन आपण गप्प बसतो.

मीही बसले होते. १९८१ साली चोविसाव्या वर्षी नोकरीसाठी इथे आले, तेव्हा बाळीवेशीत एका वाड्यात खोली घेतली. घरमालकीण लिंगायत आजी. पहिले सात महिने मी शुक्रवारी दार लावून, खिडकीचा पडदा ओढून दिवा लावत असे. कुणी विचारलं तर ‘आम्ही कोकणातले’ एवढंच सांगायचं. खोटं नव्हतं ते, पण पुरतं खरंही नव्हतं, आणि त्या सात महिन्यांइतकी एकटी मी नंतर कधीच नव्हते. माहेरी काचेच्या पेल्यात खाली पाणी, वर खोबरेल आणि तरंगती वात असायची. इथे मी करडईचं तेल आणायचे. एकदा खोबरेल मिळेना, करडईही संपली. दिवस मावळत आला होता. नाइलाजानं आजींकडे वाटीभर तेल मागायला गेले. ‘एवढ्या घाईनं तेल कशाला?’ म्हणाल्या, आणि मी सगळं सांगून टाकलं. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष नि सात बायका वाचल्या अशी आमच्यात सांगत आले आहेत. आमचे पूर्वज तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. आजींनी ऐकून घेतलं. त्या स्वतः रोज इष्टलिंगाची पूजा केल्याशिवाय पाणी पीत नसत. त्यांना नियम समजावून सांगावा लागला नाही. पुढच्या शुक्रवारी ऊन उतरल्यावर अंगणातून हाक आली, ‘मास्तरीणबाई, तुमच्या दिव्याची वेळ झाली बघा.’ त्या असेपर्यंत, अकरा वर्षं, ती हाक चुकली नाही.

म्हणून तुला माझं सांगणं आहे की सुरुवात रूममेटपासून कर. शुक्रवार ठरवून टाक. सोलापुरात डिसेंबरात सूर्य सहाच्या आत मावळतो, मे महिन्यात सातच्या सुमारास. आठवड्याची वेळ पाहून ठेव. हॉस्टेलच्या खोलीत ज्योत लावू देत नसतील तर रेक्टरांना आधी भेट, लपूनछपून लावू नकोस. गुरुवारी रात्री मूठभर काळ्या मनुका पाण्यात भिजत घाल. शुक्रवारी कुस्करून गाळल्या की किद्दुशचं सरबत तयार, आपल्या आया तसंच करत आल्या. मनुकांसाठी तुला कोकणात निरोप धाडायला नको, नान्नजच्या द्राक्षांचा हा जिल्हा आहे. दोन चपात्या झाकून ठेव. आशीर्वाद म्हण, आणि खोलीतल्या मुलांना त्यातलंच दे. त्यांना त्यावर भाषण देऊ नकोस. ते विचारतील तेव्हा सांग.

‘ख्रिश्चन ना?’ या प्रश्नावर रागावू नकोस. मला तर एका कार्यालयात कारकुनानं कागदावर तसं लिहूनच दिलं होतं. ‘यहुदी म्हणजे तेच की,’ म्हणाले. ते दुरुस्त करून घ्यायला मला चार खेटे घालावे लागले आणि प्रत्येक खेट्याला डोळ्यांत पाणी आलं. आता २०१६ पासून महाराष्ट्रात ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा आहे, तेव्हा फॉर्मवर ‘इतर’ लिहू नकोस, ‘ज्यू’ लिही. मित्रांना मात्र धर्माचं नाव सांगण्याआधी आपल्या सणांची नावं सांग. प्रायश्चित्ताच्या उपासाला माझी आजी योम किप्पूर म्हणत नसे, ती म्हणे दारफाळणीचा सण. नव्या वर्षाच्या दिवसांत खिरीचा सण. जेरुसलेमच्या देवळाच्या विध्वंसाचा उपास सोडायचा तो वालाच्या बिरड्यावर, म्हणून बिरड्याचा सण. ज्याची आई बिरडं करते त्या मुलाला आणखी काही समजावून सांगावं लागत नाही. आणि हे गाव तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू अशा चार भाषांत जेवतं-भांडतं. आपलं घर शेजारच्या घरासारखं नाही याचं इथे कुणाला नवल नाही.

इस्रायलच्या बातम्यांवरून कुणी तुला जाब विचारला, आणि हल्ली विचारतात, तर तू वकिलातीतला अधिकारी नाहीस. तुझे नातेवाईक तिथे असतील, त्यांची काळजी वाटते हे सांग. दुसऱ्या बाजूला मरणाऱ्यांबद्दल दुःख वाटतं तेही सांग, ते वाटलंच पाहिजे. मत असेल तर मांड, नसेल तर तुझ्यावर सक्ती नाही. आवाज चढला की उठून ये.

सत्राची परीक्षा संपली की मलिदा कर, म्हणजे आभाराचा प्रसाद. नवस फेडायला, प्रवासाला निघताना, आजारातून उठल्यावर, पास झाल्यावर आपण एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया या प्रेषिताच्या, नावानं मलिदा करतो. जगातल्या इतर ज्यूंना हा प्रकार माहीत नाही, तो आपला आहे. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, बाजूनं फळं. हॉस्टेलच्या मुलाला जमणार नाही असं त्यात काही नाही. मी सोलापुरात पहिला मलिदा केला १९८७ साली. रोह्याकडची एक मुलगी नर्सिंगला आली होती, ती पास झाली म्हणून. आम्ही दोघीच बेने इस्रायल, बाकी वाडा. परातभर पोहे पुरले नाहीत. नंतर कधी बँकेत लागलेला मुलगा, कधी रेल्वेतल्यांची लेक, अशी मुलं येत गेली. माझ्या घरी सगळ्यांत जास्त आपली माणसं जमली ती पाच. दहा कधीच नाहीत. पण त्या पाचांतले दोघं आजही शुक्रवारी इस्रायलहून फोन करतात, आणि पहिला प्रश्न असतो, ‘मावशी, दिवा लागला का?’

दहा हवेतच तेव्हा पुण्याला जा. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडलीस की जेवणाआधी पोचतोस. रास्ता पेठेतलं सुक्कत श्लोमो सिनेगॉग १९२१चं, बेने इस्रायलांचं. कॅम्पातलं लाल देऊळ, तेही सिनेगॉगच, बगदादी ज्यूंनी बांधलेलं, १८६७ साली पुरं झालं. तिथल्या मंडळींना आधी कळवून जा आणि ओळखपत्र ने, बंदोबस्त असतो. शुक्रवारी जा, रविवारी परत ये. निदान रोश हशाना, म्हणजे नवं वर्ष, आणि दारफाळणीला तरी जाच. शोफार, म्हणजे ते एडक्याच्या शिंगाचं वाद्य, ऐकल्याशिवाय वर्ष सुरू होऊ देऊ नकोस.

प्रश्न : मी एका महाविद्यालयात शिकवतो. आमच्याकडे एक ज्यू विद्यार्थी आहे. शनिवारच्या प्रात्यक्षिकाला तो येतो, पण हातात पेन घ्यायला नाखूश दिसतो. स्वतःहून काही बोलत नाही. त्याला सवलत दिली तर बाकीची मुलं काय म्हणतील?

उत्तर : सर, तुमच्या लक्षात आलं हीच मोठी गोष्ट. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत शब्बाथ. कडक पाळणारे त्या वेळात लिहीत नाहीत, आग पेटवत नाहीत, प्रवास करत नाहीत. सगळी घरं सारखं पाळत नाहीत, तेव्हा अंदाज बांधू नका, त्यालाच एकट्याला बोलावून विचारा. विद्यापीठाच्या परीक्षेचं वेळापत्रक तुमच्या हातात नाही, पण प्रात्यक्षिकाची बॅच तुमच्या हातात आहे. त्याला बुधवारच्या बॅचमध्ये टाका. काम तितकंच, गुण तितकेच. मुलं काही म्हणत नाहीत. माझ्या विद्यार्थिदशेत एका शिक्षकांनी ‘देव काय शनिवारीच जागा असतो का’ असं वर्गासमोर म्हटलं होतं. पुढची दोन वर्षं मी शनिवारी मुकाट्यानं लिहिलं. ते प्रयोग विसरले, ते वाक्य नाही.

प्रश्न : जुळे सोलापुरात माझी मेस आहे. ठाण्याचा एक मुलगा जूनपासून येतो, फार्मसीला आहे. रविवारी मटण असलं की डाळ-भाकरी मागतो. मासे असले तर कोणता मासा ते विचारतो. ‘आमच्यात चालत नाही’ म्हणतो, का ते सांगत नाही. त्याच्या गळ्यात सहा टोकांची चांदणी आहे. तुमचं वाचल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोर उपाशी राहू नये. मी काय वाढू?

उत्तर : वहिनी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. बोकड आम्हाला चालतो, पण तो आमच्या रीतीनं, त्यासाठी शिकलेल्या माणसानं कापलेला लागतो. सोलापुरात तो मिळायचा कुठून, म्हणून तो मटण सोडतो. तुमच्या हाताला दोष नाही. माशाला खवले आणि पर दोन्ही हवेत. उजनीचा रोहू, कटला खुशाल वाढा. मागूर नको, कोळंबी-खेकडे नकोत. मासा मटणाच्या पातेल्यात मात्र करू नका. अंडं वाटीत फोडून बघा, रक्ताचा ठिपका असेल तर टाकून द्या. मांस आणि दूध एका जेवणात नाही, पण तो मटण खातच नाही म्हटल्यावर त्याला ताक-दही हवं तेवढं द्या. कडक भाकरी, शेंगाचटणी, डाळ, वांगं यांत काहीच अडचण नाही.

मार्च-एप्रिलात पेसाख या सणाचे आठ दिवस येतील. तेव्हा पाव, चपाती, गव्हाचं काहीही नाही. ज्वारी त्या वर्ज्य धान्यांत येत नाही, पण गिरणीत आधी गहू दळलेला असतो, म्हणून तो भाकरीलाही कचरेल. आमच्याकडे भात चालतो. तांदूळ निवडून, धुऊन, वेगळ्या पातेल्यात शिजवा आणि त्याला ते पातेलं दाखवा.

आणि वहिनी, या पानावरचं पहिलं पत्र त्याला वाचायला द्या. तो मुलगा अलिबागचा, इंजिनिअरिंगचा. तुमचा ठाण्याचा, फार्मसीचा. दोघंही एकाच गावात, आणि पहिला तर आपण एकटेच आहोत असं धरून बसलाय. माझा पत्ता संपादकांकडे आहे. येत्या शुक्रवारी दोघांनाही साडेपाचला पाठवा, तुम्हीही या. मनुका मी गुरुवारीच भिजत घालते.