टिकली, सिक्विन आणि शिक्का

प्रश्न : इतवारीतल्या दुकानांत कपड्यावरच्या चमकत्या चकत्यांना कोणी टिकल्या म्हणतो, कोणी सिक्विन. सिक्विन हा शब्द मूळचा कुठला? शिवाय माझ्या साडीवरच्या टिकल्या इस्त्रीने मुरडल्या आणि एक ओळ उसवत चालली आहे. काय करावे?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : सिक्विन म्हणजे मुळात सोन्याचे नाणे. अरबीत ‘सिक्का’ म्हणजे नाणी पाडण्याचा ठसा. त्यावरून इटालियनमध्ये टांकसाळ झाली ‘झेक्का’ आणि व्हेनिसचे नाणे ‘झेक्किनो’. १२८४ पासून पाडलेले हे डुकाट नाणे सुमारे साडेतीन ग्रॅमचे, जवळजवळ शुद्ध सोन्याचे. फ्रेंचमधून शब्द इंग्रजीत गेला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कपड्यावरच्या चकतीला चिकटला. आपला ‘शिक्का’ फारसीतून आला, पण घराणे तेच. ठशाचा मूळ अर्थ उलट मराठीनेच जपला. व्हेनिसच्या त्याच नाण्याला आपल्याकडे त्यावरच्या मानवाकृतींमुळे ‘पुतळी’ म्हणत. पुतळ्यांची माळ ती हीच! (सलमा-सितारा एका दमात म्हणतात, पण सलमा म्हणजे तारेची वेटोळी नळी, टिकली म्हणजे सितारा.)

आता साडी. हल्लीच्या टिकल्या बहुतेक प्लास्टिकच्या. उष्णतेने मुरडलेली टिकली पुन्हा सपाट होत नाही, बदलावीच लागते. उसवणारी ओळ मशीनच्या साखळी टाक्याची असणार. तो दोरा ओढला की सगळी ओळ सुटते, म्हणून आधी मागून सुटा फास शोधा, त्यातून सुई-दोरा घालून गाठ मारा. नव्या टिकल्या हातानेच लावा. सुई मधल्या भोकातून वर काढा, कडेला खाली घाला, पुढची टिकली आधीचीवर अर्धी चढवा. ५ मिमीच्या टिकल्या अशा लावल्या तर १० सेंमीला ४० लागतात. थोड्या जास्तच घ्या, पुढच्या वेळी तीच छटा मिळेलच असे नाही. दर पाच-सहा टिकल्यांनंतर गाठ हवी, म्हणजे दोरा तुटला तरी तेवढ्याच गळतील. बाजारात जाताना जुनी टिकली सोबत न्या. सपाट आणि कटोरी यांची चमक वेगळी पडते, दोन्ही मिसळल्या की डाग पडल्यासारखे दिसते.

इस्त्री उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल घालून, सर्वांत कमी तापमानावर. घासायची नाही, नुसती टेकवायची. वाफ नकोच. साडी ड्रायक्लीनला देण्याआधी त्याच जातीची एक सुटी टिकली दुकानात देऊन त्यांच्या द्रावणात बुडवून बघायला सांगा. काहींचा रंग उतरतो, काही गुंडाळल्या जातात.