सुचणे आणि पोहोचणे

प्रश्न : जागतिक समस्यांवर मोठ्या संस्था वर्षानुवर्षे बैठका घेतात, अहवाल काढतात, खरा उपाय मात्र एखाद्या कल्पक माणसालाच सुचतो. मग संस्थांवर होणारा खर्च थेट अशा माणसांनाच का देऊ नये?

उत्तर : उपाय बहुधा एखाद्यालाच सुचतो, हे आपले म्हणणे मला मान्य आहे; पण त्यातून आपण काढलेला निष्कर्ष मान्य नाही. देवीच्या रोगाचे उच्चाटन कसे झाले ते पाहिले, तर माझे कारण लक्षात येईल.

१९६०च्या दशकात बेंजामिन रुबिन या संशोधकाने शिवणयंत्राच्या सुईचे नेढे घासून तिच्या टोकाला दोन काटे ठेवले. त्या काट्यांच्या बेचक्यात लशीचा जेमतेम एक थेंब धरला जाई, पूर्वीच्या सुमारे एक चतुर्थांश लशीत काम भागे, आणि देवी काढण्याचे कसब नवख्या माणसालाही थोड्या वेळात शिकता येई. इतकी साधी आणि इतकी मोलाची कल्पना मला दुसरी क्वचितच आठवते. परंतु ही सुई देशोदेशींच्या खेड्यांत पोहोचली ती जागतिक आरोग्य संघटनेने १९६७ मध्ये सुरू केलेल्या व्यापक मोहिमेमुळे; एकट्या संशोधकाला ते शक्य नव्हते.

त्याहून बोधप्रद गोष्ट विल्यम फेगी या अमेरिकी डॉक्टरांची आहे. डिसेंबर १९६६ मध्ये पूर्व नायजेरियात देवीची साथ उद्भवली, तेव्हा सर्वांना टोचण्याइतकी लस त्यांच्याजवळ नव्हती. त्यांनी मिशनऱ्यांच्या रेडिओ-यंत्रणेवरून गावोगावचे रुग्ण हुडकले आणि त्या रुग्णांभोवतीच्या लोकांनाच प्रथम लस दिली. साथ आटोक्यात आली. सरसकट लसीकरण हेच तोवर अधिकृत धोरण होते. मोहिमेने रुग्णशोधाची ही रीत पुढे मुख्य साधन म्हणून स्वीकारली. फेगी स्वतः एका शासकीय आरोग्य मोहिमेसाठीच काम करत होते, हेही विसरू नये. आपल्याच माणसाने जागेवर घेतलेला वेगळा निर्णय मान्य करून जी संस्था स्वतःचे धोरण बदलते, ती माझ्या दृष्टीने खर्चास पात्र ठरते. जी तो निर्णय फाइलीत दाबून ठेवते, तिच्याविषयीचा आपला राग मला रास्त वाटतो.

राहिला पैशाचा मुद्दा. नैसर्गिक लागणीचा शेवटचा रुग्ण ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियात आढळला, पण काम तिथे थांबले नाही. त्यानंतर दोन वर्षे पथके घरोघरी शोध घेत राहिली, नवा रुग्ण कळवणाऱ्यास एक हजार डॉलरचे बक्षीस जाहीर झाले, आणि तरीही नैसर्गिक लागणीचा एकही रुग्ण पुढे आला नाही, तेव्हा कुठे मे १९८० मध्ये देवीच्या उच्चाटनाची घोषणा झाली. त्या दोन वर्षांत कोणी नवा शोध लावला नव्हता, तरीही तो खर्च टाळता आला नसता.