गुडघ्याचा कृत्रिम सांधा '२५ वर्षांनी ८२ टक्के टिकतो' म्हणजे नेमकं काय?

म्हणजे पूर्ण बदललेल्या १०० गुडघ्यांपैकी सुमारे ८२ गुडघ्यांचे कृत्रिम भाग २५ वर्षांत पुन्हा बदलावे लागत नाहीत. हा अंदाज २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. आधार ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या सांधेबदलाच्या राष्ट्रीय नोंदी. खुब्याच्या सांध्यासाठी असाच आकडा ५८.

गुडघा दुखत नाही, असं यातून अजिबात निघत नाही. सांधा ठणकतोय, पण वयामुळे दुसरं ऑपरेशन झेपणार नाही म्हणून डॉक्टरांनी टाळलं, तरी तो 'टिकलेला'च मोजला जातो. एकाच हॉस्पिटलचा अभ्यास असेल तर आणखी एक गोम असते: दुसरीकडे जाऊन सांधा बदलून घेतलेला रुग्ण त्यांच्या वहीत ठणठणीतच राहतो. म्हणून किती जण संपर्कातून सुटले, ते आधी बघा.

दुखणं आणि हालचाल मोजायला 'ऑक्सफर्ड नी स्कोअर' ही प्रश्नावली आहे (नी म्हणजे गुडघा). १२ प्रश्न, प्रत्येकी ० ते ४ गुण, एकूण ४८. जास्त तेवढं चांगलं. जुन्या शोधनिबंधांत मात्र हीच मोजपट्टी १२ ते ६० आणि उलटी, म्हणजे कमी तेवढं चांगलं, तिथे हमखास घोटाळा होतो. आणि ऑपरेशनआधीचा स्कोअर दिलेला नसेल, तर नंतरच्या ४० गुणांवरून फायदा किती झाला ते कळत नाही.

किडनी प्रत्यारोपणातही हाच पेच. किडनी चालू असताना रुग्ण दगावला तर ते 'किडनी गेली' धरायचं की नाही? न धरलं तर किडनी टिकण्याची टक्केवारी जास्त दिसते. दोन केंद्रांची तुलना करताना दोघांनी एकच पद्धत वापरली आहे ना, ते तपासा.